पाणी मारूनही धुरळा का उडतो? (पाडकाम आणि बांधकामाच्या साइटवरची धूळ)

खडीवाळू
नमस्कार मंडळी. एका जुन्या पाच मजली इमारतीचं पाडकाम पाहतोय. त्याच आवारात पलीकडच्या बाजूला नव्या इमारतीचा पाया चालू आहे, म्हणजे धुळीचे दोन्ही प्रकार एकाच कुंपणात. चारी बाजूंनी उंच पत्रे लावलेत, इमारतीला हिरवी जाळी आहे, मोठी फॉग कॅनन (पाण्याचं धुकं लांब फेकणारं यंत्र) भाड्याने आणली आहे, टँकर दिवसभर फिरतो. तरी शेजारचे लोक रोज खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून मला दाखवतात. ते खोटं बोलत नाहीत, माझ्या गाडीच्या काचेवरही तोच थर असतो.

पाणी कमी पडतंय का? साहेब म्हणतात, अजून एक कॅनन मागव, दिसायलाही बरं दिसतं. मला खरोखर धूळ कमी करायची आहे. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी सांगा.

कोपऱ्यातली खुर्ची
जागा धरून ठेवतोय. वाचनखूण साठवली आहे.

मुकादम
कॅनन कुठे उभी केली आहे? आणि तोंड कुणीकडे?

खडीवाळू
गेटजवळ. पोकलेनला अडथळा नको म्हणून जरा लांबच. तोंड वर, तिरकं.

मुकादम
मग ती रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसते, धुळीला दिसत नाही :)

गंमत सोडा. उडालेली धूळ हवेत पकडणं आणि धूळ उडूच न देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम फार अवघड, दुसरं त्या मानाने सोपं. तुमचं सगळं पाणी पहिल्या कामावर चाललंय.

पोकलेनचा जबडा स्लॅबला चावतो ते एकदा जवळून बघा (सुरक्षित अंतर ठेवून, ऑपरेटरला सांगून). चावा बसतो तेव्हा फटीतून थोडी धूळ निघते. मग तुकडा सुटतो आणि खाली राडारोड्याच्या ढिगावर आपटतो. खरा लोट तिथे उठतो, चाव्यापेक्षा मोठा. कारण ढिगावर आधीच पडलेली बारीक भुकटी आपटण्याने वर फेकली जाते. म्हणजे पाणी दोन ठिकाणी हवं, जबड्याच्या तोंडाशी आणि ढिगावर, आणि ढिगावर ते तुकडा पडायच्या आधी मारलेलं हवं. लोट उठल्यावर होज घेऊन धावणारा बिगारी मी जवळजवळ प्रत्येक साइटवर बघतो. तोवर उशीर झालेला असतो.

जबड्याच्या पाण्यासाठी बूमवरच (पोकलेनच्या लांब हातावर) पाइप नेऊन नोझल बसवून घ्या. माणूस होज धरून उभा करायचाच असेल तर वाऱ्याच्या पाठीशी (वारा येतो त्या बाजूला) आणि तुकड्यांच्या टप्प्याबाहेर. पाडायच्या मजल्यावर आदल्या संध्याकाळी पाणी सोडून ठेवलं की सकाळचं काम बरंच ओलं होतं. पण बेताने. जुन्या स्लॅबवर पाणी तुंबवून वजन वाढवू नका. आधीच कमकुवत असतो तो.

आकडेमोड
मुकादमांशी सहमत. थोडं गणित टाकतो, त्याशिवाय मला झोप येत नाही.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दगडाच्या जातीचा १०० मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून सुटला तर तीनेक सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला तीनेक मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला साडेचार तास! आणि हे सगळं बंद खोलीतल्या स्थिर हवेत. साइटवर वारा असतो, म्हणजे तो कण खाली बसतच नाही, गावभर फिरतो.

डोळ्यांना दिसतो तो धुरळा मोठ्या कणांचा. तो बसला की आपल्याला वाटतं, चला, संपलं. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण साधारण ४ मायक्रॉन आणि त्याहून बारीक असतात, आणि ते सुटे असले तर दिसतच नाहीत.

आता कॅननचं. हवेतला बारीक कण पाण्याच्या थेंबावर आदळून चिकटला तरच खाली येतो. थेंब फार मोठा असेल तर त्याच्यापुढची हवा बाजूला सरकते आणि हलका कण त्या हवेबरोबर निसटतो. भरधाव ट्रकपुढे आलेलं पीस काचेला न लागता वरून निघून जातं ना, तसं. म्हणून थेंबाचा आकार कणाच्या आकाराच्या जवळपास असावा लागतो. पण इतका बारीक थेंब कोरड्या हवेत लांब जात नाही, वाटेतच वाळून जातो. कॅननची सगळी ओढाताण इथेच आहे: लांब फेकायचं तर थेंब मोठा हवा, धूळ पकडायची तर बारीक हवा. गेटजवळ उभी करून आकाशाकडे तोंड केलं तर दोन्ही हुकतं.

जमिनीवर पडून असलेली भुकटी भिजवायची तर थेंबाच्या आकाराचं एवढं कौतुक नाही. साधा फवारासुद्धा चालतो.

तिसरा मजला
मी पत्र्यांच्या पलीकडचा माणूस. दुसऱ्या कुठल्या तरी साइटशेजारी राहतो, पण दुखणं तेच. आमच्याकडे तपासणीला कोणी येणार असलं की सकाळपासून कारंजी सुरू. गाडी वळली की कारंजी बंद. या धाग्यावर निदान कोणी तरी खरं विचारतंय, बरं वाटलं.

एक विचारायचं आहे. ती हिरवी जाळी धूळ अडवते का?

मुकादम
नाही. ती ढपले आणि खडे अडवते, आणि त्यासाठी ती हवीच. बारीक धूळ तिच्या भोकांतून आरामात जाते. वारा थोडा मोडतो, एवढाच फायदा. दाट विणीचं कापड किंवा प्लॅस्टिकची शीट बांधली तर धूळ जास्त अडते, पण मग वाऱ्याचा सगळा जोर परांचीवर येतो. परांचीचं डिझाइन तेवढ्या भाराचं आहे का ते आधी तपासून घ्या, मगच बांधा.

आकडेमोड
पत्र्यांबद्दलही एक विचित्र गोष्ट आहे. सलग पत्र्याच्या पलीकडे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो खाली बसलेली धूळ पुन्हा उचलतो. वाळूच्या किंवा खडीच्या ढिगाला आडोसा करायचा असेल तर साधारण निम्मी जागा मोकळी असलेली जाळीदार भिंत सलग भिंतीपेक्षा चांगली. वाऱ्याचा वेग कमी होतो आणि भोवरे कमी उठतात. हद्दीला पत्रे ठेवा, ढिगाला जाळी.

श्वासोच्छ्वास
मी डॉक्टर आहे. कामगारांचे आजार हाच माझा विषय. शेजाऱ्यांच्या खिडक्यांची चर्चा चालली आहे ती योग्यच आहे, पण ब्रेकर (काँक्रीट फोडायचं हत्यार) धरून उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कितीतरी पट जवळ असतो.

काँक्रीट, मॉर्टर, वीट, ग्रॅनाइट, टाइल या सगळ्यांत स्फटिकी सिलिका असते. वालुकाश्मात ७० ते ९० टक्के, काँक्रीट आणि मॉर्टरमध्ये २५ ते ७० टक्के, ग्रॅनाइटमध्ये २० ते ४५, विटेत ३० टक्क्यांपर्यंत. संगमरवर आणि चुनखडीत मात्र जेमतेम २ टक्के. ही सिलिका बारीक होऊन फुप्फुसात साठली की तिथे व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

किती धूळ पुरते? अमेरिकेतल्या ओशाने (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) २०१६ च्या नियमात मर्यादा घातली ती घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या सरासरीत. मेहनतीचं काम करणारा माणूस आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा ओढतो. म्हणजे अख्ख्या पाळीत अर्धा मिलिग्रॅम. चिमटीत धरता येणार नाही एवढी भुकटी! एक कटर कोरडा चालवला की ही मर्यादा बघता बघता मागे पडते.

आणि हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ साली हॉक्स नेस्टचा बोगदा खणताना सिलिकाने भरलेल्या खडकात कोरडं ड्रिलिंग झालं. शेकडो कामगार सिलिकोसिसने गेले. ओल्या ड्रिलिंगची पद्धत तेव्हाही माहीत होती.

उंटावरचा शहाणा
मास्क द्या की सगळ्यांना, प्रश्न मिटला.

श्वासोच्छ्वास
नाही मिटत. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक कणांसाठी जवळजवळ निरुपयोगी, ओला केला तरी. एन ९५ चांगला, पण तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि नीट बसला तरी हिशेबात धरायचं ते इतकंच की आत जाणारी धूळ दहापट कमी होते. दाढीचे खुंट वाढलेले असतील तर कडेने हवा आत शिरते. उन्हात ब्रेकर चालवताना तो माणूस मास्क किती वेळ वर ठेवेल, तुम्हीच सांगा. मास्क हवाच, पण पाणी आणि व्हॅक्युमनंतर. त्यांच्याऐवजी नाही.

उंटावरचा शहाणा
ठीक, मान्य. पण तुम्ही सगळे पाणी पाणी करताय. पाणी आणायचं कुठून? पिण्याचं पाणी धुळीवर मारायचं का?

मुकादम
हा प्रश्न योग्य आहे, आणि याचंच उत्तर कॅननच्या विरोधात जातं. हातकटरच्या पात्यावर मिनिटाला अर्धा लिटर पाणी पुरतं, एवढ्यात धुळीचा फार मोठा भाग जागेवरच बसतो. कॅनन तेवढं पाणी बघता बघता हवेत उडवते आणि त्यातलं निम्मं कुठे जातं कोण जाणे. पाणी वाचवायचं असेल तर ते उगमावर मारा.

पण पातं नीट भिजलंय का हे बघावं लागतं. पाइप जोडलेला असतो, कॉक उघडा असतो, आणि पात्यावर पाणी सोडणाऱ्या दोन भोकांपैकी एक चिखलाने बुजलेलं असतं. पात्याच्या एका अंगाने गाळ गळतो आणि दुसऱ्या अंगाने पांढरा धूर निघतो. सुपरवायझर लांबून बघतो, पाणी चालू दिसतं, पुढे जातो. कटमधून राखाडी गाळ निघायला हवा. कोरडी भुकटी दिसली की थांबवायचं.

आणि विजेच्या हत्यारावर उगाच होज मारू नका. पाण्यावर चालण्यासाठीच बनवलेला कटर वापरा, आणि ईएलसीबीशिवाय (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तोही नको.

श्वासोच्छ्वास
सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तर ते निर्जंतुक केलेलं हवं. बारीक फवारा म्हणजे थेट श्वासात. टाकीत साठून कोमट झालेल्या पाण्यात लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जंतू) वाढतो, तोही असाच फवाऱ्यातून पसरतो. टाकी रिकामी करून धुण्याचं वेळापत्रक ठेवा.

निळी टोपी
आत फिनिशिंगचं काम करतो. आमच्याकडे पाणी चालतच नाही, जिप्सम आणि लाकूड खराब होतं. ग्राइंडरला धूळ अडवणारा घुमट बसवून व्हॅक्युम लावतो. पण घरगुती व्हॅक्युम लावू नका, बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो. एम क्लास किंवा एच क्लासचा हवा. एम क्लासमधून ०.१ टक्का धूळ सुटू शकते, एच क्लासमधून ०.००५. फिल्टर बदलताना पिशवीसकट काढायचा. तो झटकायचा नाही!! झटकणारे पाहिलेत म्हणून लिहितोय.

दुसरं, काम संपल्यावर झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा. दिवसभर जपलेलं पाच मिनिटांत परत हवेत. ओलं पुसा नाही तर व्हॅक्युम लावा. कपडेसुद्धा कॉम्प्रेसरने झटकू नका.

खडीवाळू
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुकादमसाहेब, ढिगाची गोष्ट शंभर टक्के बरोबर. आज उभं राहून बघितलं, लोट तिथूनच उठतो. बूमवर नोझल बसवायला सांगितलंय. कॅनन तूर्त ढिगाच्या जवळ, वाऱ्याच्या पाठीशी आणली.

अजून एक. उद्यापासून गच्चीवरचं काढणार आहोत. तिथे टाकीवर नालीदार सिमेंटचे पत्रे आहेत आणि जुन्या पाइपांना पांढरं काहीतरी गुंडाळलंय. ते पोकलेननेच ओढून खाली घेतलं तर चालेल ना? पाणी मारत मारत?

श्वासोच्छ्वास
थांबा. उद्या हात लावू नका.

जुने नालीदार सिमेंटचे पत्रे आणि पाइपांचं जुनं वेष्टन, दोन्हींत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप आहे (श्वासात गेल्यावर कर्करोग करू शकणारं तंतुमय खनिज). नुसतं बघून ते कळत नाही, नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो, आणि तो घेतानाही ती जागा ओली करून, योग्य मास्क घालूनच घ्यावा लागतो. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर ते पाडकामाच्या आधी, वेगळं, त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी काढायचं. पत्रे फोडायचे नाहीत, ओढायचे नाहीत, टाकायचे नाहीत. साबणासारखं द्रव्य मिसळलेल्या पाण्याने भिजवायचे, बोल्ट सोडवून अखंड उतरवायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून खूण करायची आणि बाकी राडारोड्यात अजिबात मिसळू द्यायचे नाहीत. पाइपांचं वेष्टन तर पत्र्यांपेक्षा वाईट, हाताने कुस्करलं तरी तंतू सुटतात. त्या तंतूंमुळे होणारा कर्करोग २०-४० वर्षांनी दिसतो, तेव्हा साइटवरचं कोणी कोणाला आठवतही नसतं.

मुकादम
+१. आणि साहेबांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं. तोवर गच्ची सोडून खाली दुसरी कामं घ्या, खिडक्या-दारं काढायची असतील ती काढा.

खडीवाळू
थांबवलंय. नमुना देतोय. मेल आत्ताच टाकली.

आकडेमोड
विषय जरा वेगळा आहे, पण लिहून ठेवतो. साइटवर धूळ मोजायचं यंत्र लावणार असाल तर एक गोम लक्षात घ्या. स्वस्त सेन्सर प्रकाश किती विखुरतो ते बघून कण मोजतात. त्यांना धूळ आणि पाण्याचा थेंब यांतला फरक कळत नाही. कॅननच्या वाटेत सेन्सर टांगला तर पाणी चालू केल्यावर आकडा वाढलेला दिसतो आणि लोक म्हणतात, पाण्याने उलट धूळ वाढली! दमट सकाळीही असंच होतं.

उलट लबाडीही चालते. सेन्सर साइटच्या वारा येतो त्या टोकाला लावला की आकडे कायम सुंदर. निदान दोन लावा, एक वाऱ्याच्या वर (वारा येतो त्या बाजूला), एक खाली (वारा जातो त्या बाजूला), आणि फरक बघा. खालचा वाढला आणि वरचा तसाच राहिला तर धूळ तुमची.

तिसरा मजला
हे फार उपयोगाचं. आमच्या साइटवर एक यंत्र आहे, गेटच्या आत, झाडाखाली. आता कळलं का ते :)

कोपऱ्यातली खुर्ची
गाड्यांचं कोणी बोललंच नाही. आमच्या रस्त्यावरची निम्मी धूळ डंपरच्या चाकांची आहे.

मुकादम
बरोबर, राहिलंच. चाकांना लागलेला चिखल बाहेर डांबरावर पडतो, वाळतो आणि प्रत्येक गाडीखाली दळला जातो. गेटवर चाकं धुवायची सोय करा, त्याआधी थोडा खडीचा पट्टा, म्हणजे चिखल तिथेच झडतो. आतला रस्ता कच्चा असेल तर खडी टाकून दाबून घ्या आणि गाड्यांचा वेग उतरवा. वेग उतरवायला पाण्याचा थेंबही लागत नाही. डंपरच्या हौद्यावर ताडपत्री कडेपर्यंत ओढलेली, मधोमध टाकलेली नव्हे. वरच्या मजल्यावरून राडारोडा खाली टाकायचा तो बंद नळीतून, आणि नळीच्या तोंडाला कापडाचा घोळ लावून.

कच्च्या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि पाण्याच्या फेऱ्या कमी होतात. पण ते सळयांच्या आणि काँक्रीटच्या आसपास नको, क्लोराइडने लोखंड गंजतं. खडीवाळूंचा पाया त्याच आवारात आहे, त्यामुळे तुम्हाला तर नकोच.

उंटावरचा शहाणा
मुळात एवढं फोडायचंच कशाला? डायमंड वायरने (हिऱ्याचे कण बसवलेल्या कापायच्या तारेने) मोठे तुकडे कापा, क्रेनने उतरवा.

मुकादम
शहाणे, या वेळी खरंच शहाण्यासारखं बोललात. ओलं कापून मोठे तुकडे उतरवले तर धूळ कितीतरी कमी. क्रेनला जागा आणि वेळ लागतो, म्हणून कंत्राटदार नको म्हणतो. निदान शेजाऱ्याच्या बाजूची भिंत तरी तशी काढावी. ब्रेकरऐवजी जबडा वापरला तरी फरक पडतो, ठोकण्यापेक्षा चावण्याने भुकटी कमी होते.

खडीवाळू
अपडेट. बूमवरचं नोझल बसलं. ढीग आधी भिजवतो, मग तुकडा पाडतो. लोट बराच बसलाय, तुकडा पडताना आता जेमतेम ढिगाच्या उंचीएवढा उठतो. गच्चीचा रिपोर्ट आला, पाइपांच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, पत्र्यांतही. ते काढणारी वेगळी माणसं येणार आहेत, तोवर वरचं काम बंद. साहेब नाराज आहेत. असू देत.

आता नवी भानगड. राखाडी पाणी उतारावरून गेटकडे येतंय, वाळलं की त्याचीच पांढरी पूड होते.

मुकादम
पाणी जास्त होतंय. ढीग भिजायला हवा, वाहायला नको. उताराच्या बाजूला वाळूच्या पिशव्यांचा बांध घाला, पुढे एक खड्डा, त्यात गाळ बसू द्या, वरचं पाणी परत ढिगावर घ्या. ते पाणी गटारात सोडू नका. सिमेंटचा गाळ चांगलाच अल्कधर्मी असतो, पीएच १२ च्या आसपास. हातापायांना लागला की कातडी जळते, बिगाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे द्या. खड्ड्यातला गाळ वाळायच्या आत उचला.

आणि ते परत घेतलेलं पाणी नोझलला देऊ नका, भोकं बुजतील. ते नुसत्या होजने ढिगावर. नोझलला स्वच्छ पाणी, मध्ये जाळीचा गाळणा, आणि तो रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी उघडून धुवायचा.

निळी टोपी
गाळणा धुवायचं काम एकाच माणसाच्या नावावर लावा. सगळ्यांचं म्हटलं की कोणीच करत नाही.

खडीवाळू
लावलं. पोकलेनच्या हेल्परकडे दिलंय, त्यालाच सगळ्यात जास्त धूळ खावी लागत होती.